आमदार कार्यालयाची पायरी चढण्याआधी

आमदारांच्या संपर्क कार्यालयात आवक-जावक रजिस्टर सांभाळायचं काम मी साडेतीन वर्षं केलं. सकाळी दहाला शटर वर जायचं, साडेदहापर्यंत बाकं भरलेली असायची आणि दिवसातून वीसदा तरी एकच वाक्य कानावर पडायचं, "साहेबांना फक्त एक फोन करायला सांगा." फोन व्हायचा. पलीकडून "हो साहेब, बघतो साहेब" यायचं. माणूस समाधानानं घरी जायचा आणि महिन्याभरानं पुन्हा त्याच बाकावर येऊन बसायचा. कारण ज्या टेबलाला फोन केला, त्या टेबलावर त्याचा कागदच नसायचा.

आमदारांच्या पत्रानं फाइल पुढे सरकते हे खरं, पण आधी फाइल असावी लागते. म्हणून पुढचं बरंचसं लिखाण कागदांबद्दल आहे. साहेबांची भेट कशी मिळवायची हे इथं सापडणार नाही. ती मिळते, तेवढं अवघड नसतं.

आधी माणूस बरोबर शोधा

ऐकायला विचित्र वाटेल, पण आमच्याकडे येणाऱ्यांपैकी बरेच जण दुसऱ्याच मतदारसंघातले निघायचे. मतदारसंघांच्या 2008 च्या पुनर्रचनेनंतर अनेक तालुके दोन मतदारसंघांत विभागले गेले. तालुका एक, आमदार दोन. मतदार यादीत तुमच्या नावावर विधानसभा मतदारसंघाचा क्रमांक आणि नाव छापलेलं असतं, ते एकदा बघून घ्या. शंका असेल तर 1950 या क्रमांकावर फोन करा.

महाराष्ट्रात विधानसभेचे 288 आमदार, विधान परिषदेचे 78 आणि लोकसभेचे 48 खासदार. यातल्या परिषदेच्या आमदारांकडे लोक फिरकतच नाहीत. पदवीधर, शिक्षक आणि स्थानिक स्वराज्य संस्था मतदारसंघांतून निवडून आलेले हे आमदार तुमच्या जिल्ह्यासाठीही असतात, त्यांनाही स्थानिक विकास निधी मिळतो आणि त्यांच्या कार्यालयात गर्दी मात्र निम्मीही नसते. विधानसभेच्या आमदारांची यादी भरलेली असेल तर तिकडे जायला काहीच हरकत नाही. पदवीधर मतदारसंघात तुमचं नाव आपोआप येत नाही, त्यासाठी फॉर्म 18 भरावा लागतो आणि दर निवडणुकीला नवा भरावा लागतो, हेही जाता जाता सांगून ठेवतो.

आणि बंद पडलेला रस्त्यावरचा दिवा हे आमदारांचं काम नव्हे. तो नगरसेवकाचा किंवा सरपंचाचा विषय. आमदार तोही फोन करतात, कारण नाही म्हटलं तर मत जातं. पण त्यात तुमचे दोन दिवस जातात.

दाखल्यांसाठी जाऊ नका

उत्पन्नाचा दाखला, जातीचा दाखला, सातबाऱ्यावरची नोंद, रेशनकार्डात नाव. यासाठी शिफारस लागत नाही. 2015 च्या महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियमानुसार अधिसूचित सेवेला मुदत ठरलेली आहे. सेतू किंवा आपले सरकार केंद्रावर अर्ज केला की पोचपावती मिळते, तिच्यावरची तारीख महत्त्वाची. मुदत उलटली की त्याच खात्याच्या वरिष्ठ अधिकाऱ्याकडे पहिलं अपील, मग दुसरं, आणि तिसरं सेवा हक्क आयोगाकडे. दोषी अधिकाऱ्याला 500 ते 5,000 रुपये दंड होऊ शकतो. रक्कम मोठी नाही, पण अपिलाचा अर्ज टेबलावर आला की दाखला बहुतेक वेळा त्याच आठवड्यात निघतो. हे मी फोनपेक्षा जास्त वेळा चाललेलं पाहिलं आहे.

अडलेलं काम थोडं गुंतागुंतीचं असेल तर लोकशाही दिन आहे. जिल्हाधिकारी कार्यालयात महिन्याच्या पहिल्या सोमवारी, तहसीलला तिसऱ्या सोमवारी. अर्ज पंधरा दिवस आधी दोन प्रतींत द्यायचा. कोर्टात चालू असलेलं प्रकरण तिथे घेत नाहीत.

अर्ज असा लिहा

सार्वजनिक कामाचा अर्ज एका पानाचा. दुसरं पान कुणी उलटत नाही, स्वीय सहायक म्हणजे आपला पीएसुद्धा नाही. "साहेब आपण गोरगरिबांचे कैवारी" ही पहिली चार ओळींची आरती गाळा. विषय ठळक लिहा आणि त्यात गाव, गट नंबर आणि काम येऊ द्या:

"विषय : मौजे अमुक, ता. तमुक येथील गट क्र. 241 लगतच्या ओढ्यावर साकव बांधणेबाबत."

मजकुरात तीनच गोष्टी. किती घरांना अडचण आहे, पावसाळ्यात नेमकं काय होतं, आणि याआधी कुठे कधी अर्ज दिला. खाली अर्जदारांची नावं आणि सह्या, एक मोबाइल नंबर. एकच. पाच नंबर दिले की कुणालाच फोन जात नाही.

सोबत ग्रामसभेच्या ठरावाची प्रत, सातबारा किंवा नमुना नंबर 8 चा उतारा, ग्रामपंचायतीचा ना हरकत दाखला आणि जागेचे दोन फोटो. ग्रामसभा साधारण 26 जानेवारी, 1 मे, 15 ऑगस्ट आणि 2 ऑक्टोबरला होतात. तेव्हाच ठराव मांडून घ्या आणि ग्रामसेवकाकडून सही-शिक्क्याची प्रत लगेच मागा. सहा महिन्यांनी मागायला गेलात तर इतिवृत्ताची वही "ऑडिटला गेलेली" असते.

अर्ज दिला की आपल्याकडच्या प्रतीवर आवक शिक्का आणि नंबर घ्या. पुढे आमदारांचं पत्र निघेल तेव्हा त्याचा जावक क्रमांक आणि तारीख लिहून घ्या. लेटरहेडवरचं पत्र तुमच्या हातात दिलं असेल तर ते स्वतः संबंधित कार्यालयात नेऊन द्या आणि तिथलाही आवक नंबर घ्या. आमदारांच्या पत्राचा फोटो गावच्या ग्रुपवर टाकून "मागणीला यश" लिहिणारे खूप भेटले. त्यातली कित्येक पत्रं लॅमिनेशन करून घरी ठेवलेली असायची.

पैसा कुठून येतो

"आमदार फंड" म्हणतात त्याचं सरकारी नाव आमदार स्थानिक विकास कार्यक्रम. सध्या आमदारामागे वर्षाला 5 कोटी रुपये. 2022 च्या अर्थसंकल्पात तो 4 कोटींवरून 5 कोटी झाला. खासदारांचा निधीही वर्षाला 5 कोटींचा, 2011-12 पासून. ही रक्कम आमदाराच्या खात्यात येत नाही. ती जिल्हाधिकारी कार्यालयातल्या नियोजन शाखेकडे असते आणि आमदार फक्त काम सुचवतात.

एका मतदारसंघात शंभर-सव्वाशे गावं धरा आणि 5 कोटींना भागा, म्हणजे "साहेब, आमच्या गावाला दोन कोटींचा रस्ता" हे वाक्य तिथे का बसत नाही ते कळेल. मोठी कामं दुसऱ्या लेखाशीर्षांतून, म्हणजे सरकारी बजेटमधल्या वेगळ्या खात्यांतून होतात, आणि ती नावं माहीत असली तर पीए तुमच्याकडे जरा वेगळ्या नजरेनं बघतो. गावातली मूलभूत सुविधांची कामं "पंचवीस-पंधरा" मधून, म्हणजे ग्रामविकास विभागाच्या 2515 या शीर्षातून. रस्ते 3054 आणि 5054 मधून. स्मशानभूमी आणि ग्रामपंचायतीची इमारत जनसुविधा योजनेतून. अनुसूचित जातींच्या वस्तीतली कामं दलित वस्ती सुधार योजनेतून. पालकमंत्री अध्यक्ष असलेल्या जिल्हा नियोजन समितीकडून, म्हणजे डीपीसीतून, वेगळी तरतूद येते. या बहुतेक ठिकाणी आमदारांचं पत्र चालतं. म्हणून अर्जात "आमदार निधीतून" असं स्वतःहून लिहू नका. "योग्य त्या निधीतून" लिहा आणि कुठल्या शीर्षात बसतं ते कार्यालयाला ठरवू द्या.

खासदार निधीत धार्मिक स्थळाच्या आवारातलं काम बसत नाही, आणि कुणा एकाच्या मालकीची मालमत्ता उभी राहील असंही काम नाही. शासकीय जागा नसेल तर मालकानं ती ग्रामपंचायतीला नोंदणीकृत बक्षीसपत्रानं द्यावी लागते. नुसत्या स्टँपवरचं "संमतीपत्र" फाइलला लावलं तरी तांत्रिक मान्यतेला ते अडकतं.

वर विषयात गट क्रमांक 241 लिहिला, तो उगीच नाही. आमच्याकडे ओढ्यापलीकडच्या वस्तीतले लोक साकवासाठी यायचे. बावीस घरं, शाळा अलीकडे, पावसाळ्यात पोरं खांद्यावर. पहिल्या वर्षी शिफारस गेली, बांधकाम विभागानं अंदाजपत्रक केलं आणि मग कळलं की पलीकडचा काठ एका शेतकऱ्याच्या सातबाऱ्यावर आहे. तो तयार नव्हता. निधी दुसऱ्या कामाकडे वळला. दुसऱ्या वर्षी वस्तीतल्या दोन म्हाताऱ्यांनी त्या शेतकऱ्याच्या ओट्यावर चार-पाच संध्याकाळी घालवल्या आणि बक्षीसपत्र झालं. सगळे खूश. फाइल परत आली, कारण ग्रामसभेच्या ठरावात गट क्रमांक 214 पडला होता आणि सातबारा 241 चा. लिहिणाऱ्यानं दोन आकडे उलटे केले होते. दुरुस्तीच्या ठरावासाठी पुढच्या ग्रामसभेची वाट बघितली, तोवर आचारसंहिता लागली. साकव झाला तिसऱ्या वर्षी. आजही त्या गावचा एक गडी भेटला की नमस्काराऐवजी "दोनशे एक्केचाळीस!" म्हणतो.

तेव्हा ठराव, सातबारा, नकाशा आणि अर्ज शेजारी ठेवून प्रत्येक आकडा बोट ठेवून वाचा. आणि एकाकडून नाही, दोघांकडून वाचून घ्या.

फाइलचा पुढचा प्रवास असा: आमदारांचं शिफारसपत्र नियोजन शाखेकडे, तिथून अंदाजपत्रकासाठी बांधकाम विभागाकडे किंवा नगरपालिकेकडे, तांत्रिक मान्यता, मग जिल्हाधिकाऱ्यांची प्रशासकीय मान्यता, निविदा, कार्यारंभ आदेश, काम, मोजमाप पुस्तिका, बिल. "प्र.मा. झाली का?" एवढंच विचारायला शिका. प्रशासकीय मान्यता झालेलं काम सहसा मरत नाही. त्याआधीचं काम कधीही मागे पडू शकतं.

वेळही सांभाळा. आर्थिक वर्ष 1 एप्रिलला सुरू होतं. एप्रिल-मेमध्ये पूर्ण कागदांसह आलेला अर्ज आणि जानेवारीत आलेला तोच अर्ज, यात जमीन-अस्मानाचा फरक. जानेवारीपर्यंत यादी भरलेली असते आणि मार्चमध्ये सगळं कार्यालय बिलांच्या मागे असतं. शिवाय ग्रामपंचायतीपासून लोकसभेपर्यंत कुठली ना कुठली निवडणूक असते आणि आचारसंहितेत नव्या कामाला मान्यता मिळत नाही.

दवाखान्याची केस

यात वेळ नसतो, म्हणून हे आधीच वाचून ठेवा. रुग्ण दाखल झाला की पहिला फोन आमदारांना नको. पहिला प्रश्न हॉस्पिटललाच विचारा, महात्मा फुले जनआरोग्य योजना इथे आहे का आणि हा आजार त्यात बसतो का. योजनेचा मदत क्रमांक 155388. कुटुंबामागे वर्षाला 5 लाखांपर्यंतचं संरक्षण आहे. बऱ्याच वेळा इथेच काम होतं.

नसेल तर हॉस्पिटल धर्मादाय ट्रस्टचं आहे का ते बघा. अशा रुग्णालयांनी 10 टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि 10 टक्के दुर्बल घटकांसाठी निम्म्या दरानं ठेवायच्या असतात. वार्षिक उत्पन्नाची मर्यादा निर्धनांसाठी 1 लाख 80 हजार, दुर्बल घटकांसाठी 3 लाख 60 हजार. काउंटरवर विचारू नका, समाजसेवा विभागात जा. इथे मात्र आमदारांच्या कार्यालयाचा फोन खरोखर कामाला येतो, कारण "खाट शिल्लक नाही" हे उत्तर फोननंतर बदलताना मी पाहिलं आहे.

तिसरा मार्ग मुख्यमंत्री सहायता निधी. विहित नमुन्यातला अर्ज, डॉक्टरांच्या सहीचं खर्चाचं अंदाजपत्रक (खासगी रुग्णालय असेल तर त्यावर जिल्हा शल्यचिकित्सकांचं प्रमाणन), तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला 1 लाख 60 हजारांच्या आतला, रुग्णाचं आधार, रेशनकार्ड, तपासण्यांचे रिपोर्ट आणि उपचार चालू असतानाचा फोटो. अपघात असेल तर एफआयआरची प्रत. पैसे थेट रुग्णालयाच्या खात्यात जातात. भरलेलं बिल परत मिळत नाही, त्यामुळे डिस्चार्जनंतर आलात तर हात जोडण्यापलीकडे कुणी काही करू शकत नाही.

एकदा एक ताई जेवणाच्या सुट्टीत आल्या. कॅरीबॅगमध्ये सगळं नीट लावलेलं, अंदाजपत्रक, रिपोर्ट, फोटो. उत्पन्नाचा दाखला मात्र मुलाच्या कॉलेजसाठी काढलेला, मुदत गेल्या 31 मार्चला संपलेली. नवरा आयसीयूत आणि त्या तहसीलच्या रांगेत. घरात कुणी साठीपुढचं किंवा आजारी असेल तर दर एप्रिलमध्ये उत्पन्नाचा दाखला काढून ठेवा. खर्च किरकोळ आहे.

किरकोळ म्हणून येणारी कामं

आधारमधला पत्ता बदलायला पुरावा नसेल तर आधारच्या ठरलेल्या नमुन्यातलं प्रमाणपत्र आमदार, खासदार किंवा नगरसेवक देऊ शकतात. साध्या लेटरहेडवरचं "हे आमच्या परिचयाचे आहेत" केंद्रावर चालत नाही. नमुना डाउनलोड करून, भरून, फोटो चिकटवूनच आणा. सही आणि शिक्का अर्धा फोटोवर यायला हवा. ते प्रमाणपत्र तारखेपासून तीन महिनेच चालतं.

रेल्वेच्या इमर्जन्सी कोट्यासाठी पत्र मिळतं, पण आधी वेटिंगचं तिकीट हातात हवं आणि पत्र प्रवासाच्या आदल्या दिवशी रेल्वे कार्यालयात पोचलं पाहिजे. गाडी सुटायच्या दोन तास आधी पीएला फोन करणारे मेहुणे प्रत्येक गावात एक असतातच.

केंद्रीय विद्यालयातला खासदार कोटा 2022 मध्ये बंद झाला. खासगी शाळांमधल्या आरटीईच्या, म्हणजे शिक्षण हक्क कायद्याच्या 25 टक्के जागा लॉटरीनं भरतात. कुणी "साहेबांकडून करून देतो" म्हणून पैसे मागत असेल तर तो साहेबांचा माणूस नाही.

विधानसभेत प्रश्न पोचवायचा असेल

गावापुरता नसलेला विषय, म्हणजे अख्ख्या तालुक्याचा रखडलेला पाणीपुरवठा किंवा पीक विम्याची थकलेली भरपाई, आमदार सभागृहात मांडू शकतात. अर्थसंकल्पी आणि पावसाळी अधिवेशन मुंबईत, हिवाळी नागपुरात, बहुधा डिसेंबरात. तारांकित प्रश्न, म्हणजे मंत्र्यांनी सभागृहात तोंडी उत्तर द्यायचे प्रश्न, अधिवेशनाच्या बऱ्याच आधी द्यावे लागतात, म्हणून हिवाळी अधिवेशनाचा विषय दिवाळीच्या आधी नेऊन द्या. तातडीचं असेल तर नियम 105 खाली लक्षवेधी सूचना.

आमदाराला भाषण नको असतं, माहिती हवी असते. म्हणून आधी माहितीचा अधिकार वापरा. 10 रुपयांचा कोर्ट फी स्टँप, एकच विषय, दीडशे शब्दांत, 30 दिवसांत उत्तर. ते उत्तर जोडून दिलेला एक पानी टिपणीचा कागद सभागृहात जसाच्या तसा वाचला जाताना मी नागपुरात बघितला आहे. लिहिणारा एक निवृत्त शिक्षक होता. मंत्र्यांनी सभागृहात "करू" म्हटलं की ते आश्वासन होतं, आणि आश्वासनांचा माग ठेवणारी समिती विधानमंडळात असते. म्हणून त्या दिवशीचं कामकाज आणि तारीख टिपून ठेवा, पुढच्या पत्रात तेच सगळ्यात वजनदार वाक्य असतं.

पोरांसाठी

अधिवेशन चालू असताना प्रेक्षक गॅलरीत बसायचा पास आमदारांच्या शिफारशीनं मिळतो. शाळेची सहल नेता येते, पण यादी आणि ओळखपत्रं आधी द्यायची. राज्यशास्त्राच्या विद्यार्थ्यांसाठी नागपूर अधिवेशनात राष्ट्रकुल संसदीय मंडळाच्या महाराष्ट्र शाखेचा संसदीय अभ्यासवर्ग होतो, त्याची निवड विद्यापीठाच्या विभागातून होते, आमदारांकडून नाही. दिल्लीत खासदाराबरोबर काम करायची इच्छा असेल तर पीआरएस या दिल्लीतल्या संशोधन संस्थेची लॅम्प फेलोशिप आहे, आणि राज्यात मुख्यमंत्री फेलोशिप. मुख्यमंत्री फेलोशिपसाठी पदवीला 60 टक्के, वय 21 ते 26 आणि वर्षभराचा अनुभव असेल तर जाहिरातीवर लक्ष ठेवा. दोन्हीकडे शिफारस चालत नाही.

रोजगार मेळाव्यांच्या फ्लेक्सवर आमदारांचा फोटो मोठा असतो आणि कंपन्यांची नावं बारीक. ती बारीक अक्षरं वाचूनच जा. महास्वयं पोर्टलवर नोंदणी आधी करून ठेवा, बायोडाट्याच्या दहा प्रती न्या, आणि नोंदणी फी मागणाऱ्या टेबलापासून उठा.

पाठपुरावा

पंधरा दिवसांनी एकदा, मंगळवारी किंवा बुधवारी दुपारी. सोमवारी बैठका असतात आणि शुक्रवारनंतर साहेब दौऱ्यावर. पाच जणांचं शिष्टमंडळ नको, फाइल माहीत असलेला एक माणूस पुरे, आणि दर वेळी तोच. विचारताना "आमच्या कामाचं काय झालं?" नको. "जावक क्रमांक 612, 18 एप्रिल, नियोजन शाखेत कुठल्या टेबलावर आहे?" असं विचारा. मी त्या टेबलामागे बसलो होतो तेव्हा पहिल्या प्रश्नाला "चालू आहे" म्हणायचो. दुसऱ्याला मला रजिस्टर उघडावंच लागायचं.